दूध न तोडता

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

सकाळी ५.५० ला ९७.३. काल ९७.४. उठायच्या आधी, जिभेखाली, पुरी तीन मिनिटं. रेश्मा थर्मामीटर तोंडात असतानाच काहीतरी बोलली, म्हणून पुन्हा लावावा लागला. काढल्यावर म्हणाली, "मी काय पाच एच.पी.ची मोटर हाय का? रोज सकाळी उठून हीट बघायला."

म्हटलं, मोटर असतीस तर एव्हाना दुकानात नेऊन वाइंडिंग करून दिली असती.

"मग जळाली म्हणून लिवा वहीत."

सना उठली, रे.च्या अंगावर चढली आणि प्यायला लागली. दुसऱ्या हाताने थर्मामीटर ओढत होती. काचेचा आहे. मेडिकलवाला डिजिटल घ्या म्हणतो, पण त्याच्यावर माझा विश्वास नाही. लागोपाठ दोनदा लावला तर दोन आकडे दाखवतो.

पाजणं: रात्री ४, दिवसा ६. पाळी मे महिन्यात परत सुरू झाली. मधले दिवस ४५, मग ३९. पुढची कधी, सांगता येत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

सांगलीला डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. दोन तास बसलो. त्यांनी वही हातात घेतली, पानं उलटली. "हे कुणी ठेवलं?" म्हटलं, मी. "शिक्षण?" सातवी. पुढचं माझं मी. "माझ्याकडे शिकलेले लोक येतात, त्यांना शेवटची तारीख आठवत नाही," म्हणाल्या. रे.ने पदरात तोंड लपवून हसून घेतलं. घेऊ दे.

मग आधीची बाळंतपणं विचारली. रे. म्हणाली, "एक मुलगा. गेला. त्याच्या पाठोपाठ एक पडलं. मग सहा वर्षं काही नाही, मग ही."

"मुलगा कशाने गेला?"

रे.ने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जुलाब. किती महिन्यांचा होता? तेरा महिने नऊ दिवस. बाईंनी लिहिलं "१३ म." नऊ दिवस सोडून दिले.

त्यांचं म्हणणं असं: रे.चं वय सदतीस. पाळी येते, पण बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचे दिवस कमी पडतात, गर्भ रुजायला वेळ मिळत नाही. रात्रीचं पाजणं चालू आहे तोवर असंच चालण्याची शक्यता. मुलगी सतरा महिन्यांची झाली, जेवते, तर दूध सोडवलेलं बरं. "थांबायला तुमच्याकडे फार वर्षं नाहीत."

रे.ने विचारलं, "पाजता पाजता दिवस गेले तर? ते दूध पोरीला बाधतं का?"

"नाही. दूध बाधत नाही. चालू ठेवता येतं. पण तुमचं आधी एक गेलंय, म्हणून पोटात दुखलं किंवा डाग दिसला तर लगेच यायचं."

हे शब्द मी तिथेच बसून उतरवून घेतले. *दूध बाधत नाही.*

एस.टी.त रे. खिडकीकडे तोंड करून बसली होती. पलूस येईपर्यंत बोलली नाही. मीही नाही. आम्ही दोघं एकाच गोष्टीवर गप्प होतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार

अम्मा आमच्या घरच्या बोलीत बोलते, मी इथं मराठीत उतरवतो.

"तोड आता दूध. दूध चालू असलं की पोट धरत न्हाई. सांगलीच्या बाईनं सांगायच्या आधीपास्नं मला ठावं हाय."

रे. भाकरी थापत होती. "दोन वर्सं हक हाय तिचा. किताबात हाय."

"किताब मला शिकवू नगं. सात पोरं पाजलीत मी."

"सात पाजलीसा ना अम्मा. मग मला एक पाजू द्या."

अम्मा तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली आणि हसलीसुद्धा. पण मी हसलो नाही, कारण रे.ने एक म्हटलं होतं.

दोन वर्षं चांदाची धरली तर ७०८ दिवस. सनाची ४ फेब्रुवारीला होतात. मौलानांना विचारलं नाही, मीच काढलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

जुम्म्यानंतर कब्रस्तानात. अमनच्या कबरीच्या पायथ्याची माती पावसाने खचली होती. दोन पाट्या टाकून सारखी केली. लांबी दोन फूट सात इंच. खोदणाऱ्याने तेव्हा तीन फूट सांगितलं होतं, मीच टेप लावली होती. मुलाला पुरायला आलेल्या बापाने टेप लावली, हे गावात अजून सांगतात. दुसरं काय करणार होतो? हातात काहीतरी पाहिजे होतं.

सना आज ५४२ दिवसांची. अमनचं आयुष्य ओलांडून तिला साडेचार महिने झाले. त्या दिवशी मला बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

९७.९. चढलं. उद्या पुन्हा चढलं पाहिजे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

९८.०. बीज सुटलं, नक्की. रे.ला सांगितलं. ती म्हणाली, "मला कालच कळलं हुतं. थर्मामीटरला उशीर झाला."

५ सप्टेंबर, शुक्रवार

पाळी आली. चढल्यापासून आठ दिवस. बाई म्हणाल्या तेच. मधले दिवस ४३.

सकाळी तिची जानमाज, नमाजाची चटई, खुंटीलाच होती, तेव्हाच समजलो. पाळीच्या दिवसांत नमाज नाही. अम्मानेही खुंटीकडे पाहिलं. आमच्या घरात ही बातमी कुणी कुणाला सांगत नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

रे. धुणं वाळत घालत होती. मी चिमटे देत होतो. एकदम म्हणाली, "तुमाला कोण पायजे हाय, खरं सांगा."

म्हटलं, कोणीही. सनाला सोबत.

"सनाला सोबत मला पायजे. आपण गेल्यावर ती एकटी नको म्हणून. तुमी वेगळंच काय तरी मागताय." चादर झटकली. "त्यो परत येणार न्हाई. येईल ते निराळं येईल. त्याचं नाव ठिवायचं न्हाई, त्याची टोपी घालायची न्हाई, त्याच्यासारखं दिसतंय म्हणायचं न्हाई. कबूल असंल तर मी बघते. न्हाई तर बंद करा ही वही."

मी कबूल म्हटलं.

टोपीचं तिला कसं कळलं? दुकानात, वाइंडिंग तपासायच्या मेगर मीटरच्या डब्यात ठेवली होती. आठ वर्षांत ती दुकानात तीनदा आली असेल.

११ सप्टेंबर, गुरुवार

जगूनाना कुंडलवरून सबमर्सिबल घेऊन आले. "मिस्त्री, नुसती घुमतीया, पाणी उचलंना." टेबलावर घेऊन लाइन दिली. एक फेज गेलेली. अशी मोटर बंद पडत नाही आणि फिरतही नाही. जागच्या जागी हूं हूं करते आणि आतून तापत जाते.

मी बटण लगेच बंद करायला पाहिजे होतं. केलं नाही. जगूनाना म्हणाले, "आवं मिस्त्री, जळंल की." मग केलं.

अमन शेवटचे दोन दिवस रडत नव्हता. रडायला पाणी उरलं नव्हतं त्याच्यात. हाच आवाज काढत होता. तोंड रे.च्या पोलक्याकडे वळवायचा आणि हाच आवाज.

आय.टी.आय.वाले तीन जण ही मोटर बघून गेले होते, त्यांना दोष सापडला नव्हता. मला चार मिनिटांत सापडला. हेही लिहून ठेवतो.

२० सप्टेंबर, शनिवार

ठरलं. उद्या सनाला वडूजला तिच्या नानीकडे ठेवायचं. चार दिवस आई डोळ्यांसमोर नसली की पोर विसरतं, अशीच रीत आहे. दूध तोडायला छातीला कडू कोरफड लावतात, ती लावायची नाही, असं मी अम्माला आधीच बजावलं. अम्मा म्हणाली, "मी काय म्हटलं का?" आणि आत गेली.

रे. तयार कशी झाली, मला कळलं नाही. मी तिला बाईंचे शब्द परत वाचून दाखवले, वय, दिवस, सगळं. ती म्हणाली, "लिवलंय तसं करू." एवढंच.

दूध सोडवायचं हे माझ्या तोंडून दुसऱ्यांदा.

२१ सप्टेंबर, रविवार

विट्याला गाडी बदलून वडूज. सना खिडकीतून मेंढरं बघून ओरडत होती. मायणीच्या पुढे झोपली. सासूबाईंनी तिला घेतलं, तिच्यासाठी कोंबडीचं पिल्लू बांधून ठेवलं होतं. ती पिल्लात रमल्यावर मी मागच्या दाराने निघालो. चोरासारखा.

सोबत दिलं: तांदळाची पेज करायचं माप, उकळून गार केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, दुधाची पावडर, चमचा, वेळापत्रक (मोठ्या अक्षरांत). सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मी पाच वाढवलीत, कागद न बघता."

२३ सप्टेंबर, मंगळवार

रे.चं अंग दगड झालंय. सकाळी मोरीत पिळून काढत होती. अम्मा दाराशी गेली आणि म्हणाली, "मोरीत सांडू नगं गं. शेवग्याच्या मुळाशी घाल." रे.ने वाटीत काढलं आणि अम्मानेच वाटी नेली, शेवग्याला घातली. उभी राहून मुळाकडे बघत होती.

फोनवर सासूबाई: पेज खाल्ली, दुपारी झोपली, संध्याकाळी माझ्या पदरात तोंड घालून हुडकत होती. "लेकरू हुडकतंय पण रडत न्हाई." चांगलं आहे, असं त्यांना म्हणायचं होतं.

रे. फोन माझ्या हातात देऊन उठली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दोन दिवस लिहायला जमलं नाही. क्रमाने लिहितो.

बुधवार, सकाळी ६.४० ला वडूजचा फोन. पहाटेपासून पाच वेळा जुलाब, अंग कोमट. मी बाटलीतलं पाणी दिलं होतं का, पावडर किती चमचे, असं विचारत होतो. रे.ने मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला. "आई, मी येते." आणि चपला घातल्या. अम्माला विचारलं नाही, मला विचारलं नाही. मी मोटारसायकल काढली.

वाटेत एकदाच बोलली. भिकवडीच्या पुढे. "हळू चालवू नका."

सना ओसरीवर सासूबाईंच्या मांडीवर. डोळे आत गेलेले नव्हते. जीभ ओली होती. मी हे दोन्ही आधी बघितलं, नाव नंतर घेतलं. रे. उंबऱ्यावरच बसली आणि तिला छातीशी धरलं. सनाने तोंड फिरवलं. तीन दिवसांत पोरीने राग धरला होता. रे. तशीच उघडी बसून राहिली, समोरून माणसं जात होती. मग सनाने एक हात टाकला, मग तोंड. बऱ्याच वेळाने आवाज यायला लागला, गटक गटक.

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, साथ आहे, चार पोरं आलीत अशी. ताप १००.८. साखर-मिठाचं पाणी, झिंकच्या गोळ्या. "अंगावर पाजताय ना? मग घाबरू नका. ते चालूच ठेवा." गुरुवारी जुलाब तीन, आज एक. आज दुपारी परत आलो.

पाण्यात खोट नव्हती. मापात खोट नव्हती. साथ होती. अमनच्या वेळीही मापात खोट नव्हती.

२८ सप्टेंबर, रविवार

रे.ने थर्मामीटर कापसात गुंडाळून कपाटात ठेवला. वही माझ्यासमोर ठेवली. "ही तुमची. पर माझं ह्यात लिवायचं बंद. आजपासून मोजायचं न्हाई. व्हायचं असंल तर पाजता पाजता हुईल. न्हाई झालं तर न्हाई. ही हाय."

म्हटलं, बाई म्हणाल्या वय...

"वय माझं हाय."

मग सनाला कडेवर घेऊन, दारात थांबून म्हणाली, "आठ वर्सांमागं तुमी बोलला नसता तर..." आणि पुढचं वाक्य घेऊन आत गेली. आठ वर्षं ते वाक्य ती तिथपर्यंतच आणते.

१२ ऑक्टोबर, रविवार

मोजत नाही. जानमाज ९ तारखेपासून खुंटीला होती, एवढं दिसलं. दिसलेलं लिहायला हरकत नाही. मधले दिवस ३४. दूध न तोडता, आपोआप कमी होतायत: ४५, ३९, ४३, ३४. कुणालाही सांगितलेलं नाही.

सनाला आता "दुदू" म्हणता येतं. जगूनाना मोटर न्यायला आले तर त्यांना बोट दाखवून म्हणाली. ते म्हणाले, "न्हाई गं बाय, माझ्याकडं नुसता तंबाखू."

३० ऑक्टोबर, गुरुवार

बरेच दिवस काही नाही. उसाचा हंगाम, मोटरी कमी. सना पाच शब्द बोलते. अम्मा तिला "अमन" म्हणून हाक मारता मारता थांबली, दोनदा. मी ऐकलं नाही असं केलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रे. रोज पाच वक्त नमाज पढते आहे. ३९ दिवस.

मी मोजत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मंगळवारपासून जानमाज खुंटीला. म्हणजे पाळी आली, असं घराला दिसलं. मलाही दिसलं. आज पाच दिवस झाले, सकाळी तिने अंघोळ केली आणि फजरची, पहाटेची नमाज पढली.

दुपारी वरच्या फळीवरून बॅटरी काढताना तिच्या पॅडचं पॅकेट हाताला लागलं. मी ऑक्टोबरच्या शेवटी मेडिकलमधून आणलेलं. चिकटपट्टीसकट बंद. ४४ दिवस.

खाली उतरून वही काढली. आता ते लिहितो, जे ह्या वहीत आजवर लिहिलेलं नाही.

आठ वर्षांपूर्वी, एप्रिल. अमन बारा महिने चोवीस दिवसांचा. रे.ने तेव्हाही असेच पाच दिवस नमाज सोडली होती. तिला दिवस गेले होते आणि ते कळलं तर दूध तोडतील हे तिला ठाऊक होतं. पोटुशी बाईचं दूध अंगावरच्या पोराला बाधतं, असं आमच्याकडे सगळे मानतात. तिला फक्त उन्हाळा काढायचा होता. मला एका शब्दाने बोलली नव्हती, कारण माझा स्वभाव तिला माहीत होता. आणि तेव्हाही पॅकेट बंद होतं, आणि तेव्हाही मी बघितलं.

दारात अब्बा होते, अम्मा, अब्बांची बहीण, कराडहून आलेली फुफी, शेजारचे दोघं. चहा चालला होता. मी बाहेर आलो आणि म्हणालो, ही लपवते तुमच्यापासून, मला विचारा. एक्केचाळीस दिवस झालेत. सगळे हसले. अब्बांनी पाठ थोपटली. फुफी म्हणाली, बशीरच्या डोळ्यातून काही सुटत नाही. मला ते आवडलं. ह्या वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो, मला ते फार आवडलं.

त्याच दुपारी अम्माने कोरफड आणली. पंधरा दिवसांत अमन गेला. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते पोटातलंही.

आकडा बरोबर होता. एक्केचाळीस. मी कधीही त्यात चुकलो नाही.

पॅकेट होतं तसं, होतं त्या कोनात ठेवलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

रे.ला मी काही विचारलेलं नाही. ती काही बोललेली नाही. काल जेवताना माझ्याकडे असं बघत होती, जसं मी मोटर उघडताना गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघतं.

कधी वाटतं, तिला सांगावं की मला कळलंय आणि मी गप्प आहे. पण सांगितलं की ते गप्प राहणं होत नाही.

शिवाय खात्री कुठे आहे? अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी लांबते. ४७ दिवस म्हणजे नुसती लांबलेलीही असेल. पण मग पाच दिवस नमाज कशाला सोडेल?

सना दिवसा सहा वेळा पिते. प्रत्येक वेळी मी दाराकडे बघतो, कोणी येतंय का.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुकान बंद ठेवलं. अम्मा ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी पलीकडे पंख्याचं बेअरिंग साफ करत बसलो. रे. आत सनाला पाजत होती, ऐकू येत होतं.

"आली का रं तिची?"

"काय?"

"येडं पांघरू नगं."

"आली की. गेल्या आठवड्यात, मंगळवारी. पाच दिवस नमाज न्हवती, बघितलं न्हाईस?"

"बघितलं."

तिने सुपातला खडा काढून अंगणात टाकला. मग दुसरा. मग मान वर न करता बोलायला लागली.

"तवाबी तिनं पाच दिवस सोडली हुती. तुला कळायच्या आधी मला कळलं हुतं, बशीर. बाईला कळतं. मी गप बसले हुते. म्हटलं, उनाळा जाऊ दे, पोराच्या दाढा येऊ देत, मग बघू. मलाबी पोटात भ्या हुतं, बाधंल म्हणून. पर पोरगं गुटगुटीत हुतं. म्हटलं, गप बसावं. आन् मग तू आलास. आकड्यासकट. तुझ्या अब्बांच्या म्होरं, फुफीच्या म्होरं. समद्यांना कळल्यावर मला गप कसं बसता यील? उद्या पोराला कायबी झालं असतं तर सगळ्यांनी म्हटलं असतं, सासूला ठावं असून पाजू दिलं."

मी बेअरिंग पुसत होतो. ते केव्हाच साफ झालं होतं.

आठ वर्षं मी मनात तिला अर्धा वाटा देत होतो. कोरफड तिने आणली, असं. तेवढ्यावर मी झोपत होतो.

"आता आली म्हणतोस नव्हं?"

"आली."

"तूच म्हणतोस नव्हं?"

"मीच म्हणतो."

"मग पाजू दे तिला."

सूप घेऊन उठली. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. आत गेली आणि रे.ला म्हणाली, "भिंतीला टेकून बस. पाठ दुखंल अशानं."

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी रे. चुलीपाशी वाकली आणि तशीच थांबली. हात पोटावर खाली. विचारलं, काय? "काय न्हाई. बसून बसून कळ आली." मग सनाला घ्यायला गेली.

बाईंनी सांगितलं होतं, दुखलं तर लगेच यायचं. हे मला माहीत आहे आणि तिला माहीत आहे. पण मला जे माहीत नाही असं आम्ही दोघांनी धरलंय, त्याच्यासाठी डॉक्टरकडे चल असं कसं म्हणायचं? तासभर विचार केला. हातातलं काम दोनदा उसवलं. मोटर असती तर...

शेवटी म्हटलं, "सोमवारी सांगलीला जातोय. तांब्याची वायर संपलीया. येतीस का?"

"वायर आणायला?"

"व्हय. बाईंचा दवाखाना त्याच रस्त्याला हाय. लागलंच तर."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं मला ठाऊक नाही. मी तिथं काहीच न ठेवायचा प्रयत्न करत होतो.

"सनालाबी घेऊ," म्हणाली. "तिला मधीच भूक लागंल."

३० नोव्हेंबर, रविवार

दोनदा कळ. एकदा सकाळी, एकदा दुपारी भांडी घासताना. डाग नाही, असं ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं, तिने आपण होऊन सांगितलं, पाठ करून, भांड्यांकडे बघत.

पाजताना कळ येते का? हे विचारायला पाहिजे. विचारलं तर सगळं उघडं पडतं. नाही विचारलं तर पुन्हा मीच चुकणार, दुसऱ्या बाजूने.

बोलून एक घालवलं. न बोलून दुसरं घालवणार नाही, हे कशावरून?

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी ६.५५. पलूस-सांगली गाडी ७.२५ ला. थंडी आहे.

अम्माला सांगितलं, वायर आणायला जातोय, दुपारपर्यंत येऊ. वायर आणायला बायको आणि पोर कशाला, हे तिने विचारलं नाही. सनाच्या कानाला रुमाल बांधला, भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "मागल्या शिटावर बसू नगा. लय आदळतं."

रे. तयार होऊन बसली होती, तेवढ्यात सनाने पदर ओढला. आता पाजतेय. तोंड माझ्याकडे आहे, डोळे मिटलेत. कळ आहे की नुसतेच मिटलेत, इथून कळत नाही.

७.०५. स्टँडपर्यंत चालत बारा मिनिटं.

७.१२. अजून पाजतेय. उठ म्हणत नाही. ही चुकली तर पुढची ७.५०.